गटार धुतलेले आढळले

नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी एकवीस वर्षं कारकून आहे. एवढ्या काळात पाच आरोग्य निरीक्षक पाहिले. चौघांनी गटारं फक्त कागदावर बघितली आणि त्यांचं काहीएक वाकडं झालं नाही, उलट दोघांना बढती मिळाली. पाचवे तेवढे खरोखर वाकून गटारात बघायचे. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो.

त्यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती फ्रीजवरून. आमच्या ऑफिसातला फ्रीज मुळात लसींसाठी आलेला. लसी पुढं सरकारी दवाखान्यात गेल्या आणि फ्रीज आमच्याकडं राहिला. त्यात माझं ताक असायचं, शिपायाची दह्याची वाटी असायची आणि मुख्याधिकारी साहेबांच्या गार पाण्याच्या बाटल्या. भाऊसाहेब रुजू झाले त्या पहिल्याच सोमवारी त्यांनी वरचा कप्पा रिकामा केला, त्यात बर्फाच्या पिशव्या रचल्या आणि माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं ताक खालच्या खनात ठिवलंय. राग नका मानू. वरच्या खनात उद्या गटार येनार हाय."

मी आठ दिवस ताक प्यायले नाही. नंतर प्यायला लागले. माणूस कशालाही सरावतो, आणि मी तर पालिकेत नोकरी करत होते.

काम असं होतं. कोरोना ओसरल्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं लहान गावांच्या सांडपाण्यात रोगाचे विषाणू शोधायचं काढलं. आमच्या निम्म्या गावाला भुयारी गटार आहे, उरलेल्या निम्म्याला त्याचं उद्घाटन झालेलं आहे. तेवढ्यावर आमचा नंबर लागला. दर मंगळवारी सकाळी चार चेंबरमधून एकेक बाटली पाणी काढायचं, बर्फाच्या डब्यात घालायचं आणि दुपारपर्यंत पुण्याला पोचवायचं. आधीच्या निरीक्षकांनी हे पत्र नुसतं फायलीला लावून ठेवलं होतं. भाऊसाहेबांनी ते वाचलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

"पन गटारात बघून काय कळतं हो?" असं मी एकदा त्यांच्याच बोलीत चिडवून विचारलं.

"मानूस दवाखान्यात जायच्या आधी संडासात जातो, ताई," ते म्हणाले. "डॉक्टरला कळायच्या आधी गटाराला कळतं. आन् मानूस लाजंकाजं खोटं बोलंल, गटार न्हाई बोलत."

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की शिपायाच्या पोरानं शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं आणि छडी खाल्ली.

भाऊसाहेब पारनेरकडचे. घरची बारा एकर कोरडवाहू जमीन, भाऊ ती कसायचा. "पाटलाचं पोर आन् गटारात हात घालतंय" म्हणून भावकीत त्यांचं नाव निघालेलं. लग्नकार्यात लोक त्यांना लांबूनच नमस्कार करायचे आणि पंगतीत शेजारी कुणी बसायचं नाही. दुसरा कुणी असता तर कुढला असता. हे मला कौतुकानं सांगायचे, "मला लई बरं पडतं. मांडी घालून ऐसपैस बसता येतं, आन् वाढपी जिलबीचं ताट म्होरं ठिवून लगेच पळतो."

चेंबरचं झाकण मात्र ते स्वतः उचलायचे. लोखंडी आकडा खांद्यावर टाकून निघायचे. सफाई कामगारांचा मुकादम मागून पळत यायचा. "साहेब, आमी हाय ना, तुमी कशाला." त्याला त्यात कमीपणा वाटायचा, लोक बघतायत म्हणून. भाऊसाहेब त्याला रस्त्याच्या पलीकडं उभं करायचे. "तुमच्या चार पिढ्यांनी उचललं. आता तुमी सावलीत उभं ऱ्हायचं आन् मी वाकतो का न्हाई ते बघायचं." मुकादम सावलीत उभा राहायचा खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा.

गावची खबर त्यांना गटारातून लागायची. मंगळवारी डबा घेऊन आले की मला बातमीपत्र मिळायचं. वरच्या आळीत एकादशी कडक पाळतात असं सांगतात, पण तसं दिसत नाही. शिक्षक कॉलनीत कुणाकडं तरी मोठं जेवण झालं. यातलं खरं किती आणि त्यांच्या मनाचं किती, देव जाणे. पण मुख्याधिकारी साहेब त्या कॉलनीत राहायचे आणि भाऊसाहेब समोर आले की उगाच पोटावरून हात फिरवायचे.

एका मंगळवारी पालिकेची जीप अध्यक्षांच्या पुतण्याच्या साखरपुड्याला गेली होती. भाऊसाहेबांनी बर्फाचा डबा उचलला आणि सरळ एसटी धरली. डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. या माणसाला खोटं बोलायचं सुचतच नाही. म्हणाले, "गटाराचं पानी."

कंडक्टर म्हणाला, "का? पुण्याला गटारं कमी पडली काय?"

सगळी गाडी हसली. भाऊसाहेबांना वाटलं यांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी झाकण उघडून बाटली दाखवली. पुढची हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती. मागच्या तीन रांगा आपोआप रिकाम्या झाल्या आणि ते शिक्रापूरपर्यंत आडवे होऊन झोपत गेले.

लोकांना आधी याची गंमत वाटायची. मग हळूहळू कळायला लागलं की ह्या बाटलीत आपल्या गल्लीचं काहीतरी जातं आणि ते कागदावर उतरतं. मग एक दिवस बाजारतळामागच्या गल्लीतली चार कर्ती माणसं ऑफिसात आली. ती माझीच गल्ली, म्हणून मला ओळखून हसली, पण बसली भाऊसाहेबांसमोर. त्यातले पुढारी म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या गल्लीतलं ते बाटलीचं बंद करा. पोरांची लग्नं जमायचीत. उद्या कागदावर आमच्या गल्लीला कसला रोग निघाला तर पाव्हणे दारात तरी उभे राहतील का?"

भाऊसाहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मग असं करू. पोरीवाल्यांच्या गल्लीची बी बाटली मागवू. दोन्ही शेजारी ठिवू. जुळतंय का बघू."

माणसं चहा न घेता गेली. मी भाऊसाहेबांना म्हटलं, जरा गोड बोलायला काय जातं तुमचं. ते म्हणाले, "गोड बोलायला अध्यक्ष हायेत की."

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या गल्लीच्या बाटलीचा रिपोर्ट आला. आलेलं टपाल नोंदवायचं काम माझं, म्हणून तो सगळ्यात आधी मी वाचला. सांडपाण्यात काविळीचा विषाणू होता. पिण्याच्या पाण्यातून पसरतो तो. खाली एक ओळ होती की गरोदर बायांना हा आजार जिवावर बेतू शकतो, तरी पाण्याची तपासणी तातडीनं करावी.

माझी लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा संपत आलेला. ती ओळ मी तीनदा वाचली. शिक्का मारला, नंबर टाकला आणि फाईल आत नेली.

रिपोर्ट वाचून भाऊसाहेब तडक गल्लीत जाऊन नळाचं पाणी तपासून आले. जंतुनाशक टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत तपासणीच्या द्रावणाचे थेंब घातल्यावर पिवळं होतं. ते पांढरं ते पांढरंच राहिलं. आमच्या गल्लीत पाण्याचा पाइप आणि गटाराची लाइन एकमेकांना चिकटून जातात, आणि पाइप गटारापेक्षा म्हातारा आहे. भाऊसाहेबांनी मुख्याधिकारी साहेबांसमोर रिपोर्ट आणि ती बाटली ठेवली. "साहेब, आजच दवंडी देऊ. लोकांनी पानी उकळून प्यावं."

पंधरा दिवसांवर स्वच्छता स्पर्धेची समिती येणार होती. साहेबांनी बाटलीकडं न बघता सांगितलं, "एका बाटलीवरून गावाला रोग आहे असं म्हणायचं का? पुढच्या मंगळवारी फेरनमुना घ्या. तोपर्यंत हे गोपनीय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा."

मी मान हलवली. घरी गेले आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

आता माझा पराक्रम ऐका. फेरनमुन्याचं पत्र मला काढायचं होतं. मुकादम, पाणीपुरवठा, सगळ्यांना कळवायचं की अमुक दिवशी अमुक चेंबरवर नमुना घेतला जाणार आहे. डोक्यात दुसरंच चालू होतं. मी कॉम्प्युटरवर मंत्र्यांच्या दौऱ्याचं जुनं पत्र उघडलं, विषय बदलला, तारीख बदलली, 'मा. मंत्रीमहोदय' काढून 'पुणे येथील प्रयोगशाळा' घातलं, आणि सही घेऊन वाटून टाकलं. खालचा मजकूर तसाच राहिला. 'सदर ठिकाणी संपूर्ण स्वच्छता करण्यात यावी, कोणत्याही प्रकारची दुर्गंधी राहणार नाही याची दक्षता घ्यावी, कसूर झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल.' एकवीस वर्षांत पालिकेचं एकही पत्र कुणी शेवटपर्यंत वाचलेलं मला माहीत नाही. मुकादमानं हे वाचलं.

मंगळवारी सकाळी भाऊसाहेब आकडा घेऊन आले तर चेंबरभोवती रांगोळी. झाकणाला गेरू, कडेनं चुन्याचा पट्टा. आदल्या दिवशी दोन टँकर पाणी सोडून चेंबर धुतलं होतं आणि वर जंतुनाशक पावडरीचं अख्खं पोतं रिकामं केलं होतं. मुकादम नवा शर्ट घालून उभा. "साहेब, आता वास घ्या बरं."

भाऊसाहेबांनी झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि तसेच खाली बसले. मुकादमावर ते रागावले नाहीत, कारण त्याच्या हातात माझं पत्र होतं. ऑफिसात आले तेव्हा मी बोलायच्या आधीच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. चुकून का हुईना, ह्या पालिकेत पयल्यांदा कुनीतरी पत्राप्रमानं काम केलं." त्यांनी बाटली रिकामीच परत आणली होती. फायलीवर त्यांनी दोन वाक्यं लिहिली: 'नमुना घेतला नाही. गटार धुतलेले आढळले.'

साहेबांना आधी हा टोमणा वाटला. अध्यक्ष त्यांच्याहून हुशार. त्यांनी ते पान मागवून घेतलं, पहिलं वाक्य झाकून दुसऱ्याची झेरॉक्स काढली आणि स्पर्धेच्या फायलीला जोडली. आमच्या गावात गटारंही धुतलेली आढळतात, असं आरोग्य निरीक्षकांनी स्वतः पाहून प्रमाणित केलं आहे. वर हुकूम दिला की समिती येऊन जाईपर्यंत सगळी चेंबरं रोज धुवायची आणि झाकणाला कुणी हात लावायचा नाही. म्हणजे नमुना नाही, नमुना नाही म्हणून रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही म्हणून रोग नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊसाहेब गल्लीत घरोघर नळ तपासत फिरत होते. कुणी विचारलं तर "रोजचंच हाय" म्हणायचे. माझ्या घरी आले. लेकीनं पाणी दिलं. त्यांनी तांब्याला हात लावला, तो कोमट होता. मग त्यांचं लक्ष गॅसवरच्या पातेल्याकडं गेलं.

"उकळता व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

"रिपोर्ट आला त्या दिवसापासनं."

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. शेजारच्या वहिनींच्या अंगणात त्यांची सून कपडे वाळत घालत होती. तिला आठवा लागलेला. भिंत अशी की इकडचं शिंकलेलं तिकडं ऐकू जातं. भाऊसाहेब तिच्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "आन् त्यांना?"

मी म्हटलं, "साहेबांनी गोपनीय म्हणून सांगितलंय. माझी नोकरी आहे भाऊसाहेब. आणि एका घराला सांगितलं की गल्लीला कळतं."

"व्हय," ते म्हणाले, "तेच तर." आणि उठले. त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर मी भांडले तरी असते. लेक म्हणाली, "आई, आपण काय लपवतोय?" मी तिच्यावरच खेकसले. लाज वाटली की मी खेकसते, ही माझी जुनी खोड आहे.

शनिवारी सकाळी कचऱ्याची घंटागाडी नेहमीचं स्वच्छतेचं गाणं लावत गल्लीत शिरली आणि गाणं मधेच थांबलं. माईकवर भाऊसाहेब होते.

"बाजारतळामागच्या गल्लीतल्या आयाबायांनो, नळाचं पानी उकळून प्या. दोन जिवाच्या बायांनी उकळल्याबिगर थेंब घिऊ नका. कुनाचे डोळे पिवळे दिसले तर दवाखान्यात दावा. मी आरोग्य निरीक्षक बोलतोय, माझ्या जबाबदारीवर बोलतोय. अध्यक्षांना आन् साहेबांना ह्यातलं काय बी इचारू नका, त्यांना म्हाईत न्हाई असं त्यांनी ठरवलंय."

गाडी गल्लीतून तीनदा फिरली. वहिनी माझ्या दारात पळत आल्या. "ताई, काय म्हनतोय ओ हा बाबा?" मी म्हटलं, "उकळा वहिनी. आत्ताच ठेवा." हे मला नऊ दिवस आधी म्हणता आलं असतं. चार शब्द होते.

दुपारी अख्खी गल्ली पालिकेवर चालून आली. बाया हंडे घेऊन साहेबांच्या दारात बसल्या. सोमवारी पाइप बदलायला घेतला, बुधवारी नवा पाइप बसला. फायलीवर कारण लिहिलं, 'नियमित देखभाल'. मीच टाईप केलं. महिनाभर गल्लीत घरोघर पातेली उकळत होती. पुढं समिती आली, रांगोळ्या बघून गेली आणि आम्हाला तिसरा नंबर मिळाला.

आणि भाऊसाहेबांची चौकशी लागली. विनापरवाना वाहन वापरलं, गोपनीय माहिती फोडली, लोकांत घबराट पसरवली. जिल्ह्याहून अधिकारी आले. सभागृहाचं दार लावलं तरी बाहेर मला ऐकू येत होतं. त्यांनी भाऊसाहेबांना पहिलाच प्रश्न विचारला, "गल्लीत काविळीचे रुग्ण किती निघाले?"

"कागदावर एक बी न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. दोघांचे डोळे पिवळे झाले होते, घोषणेच्या आधीपासून. पण ते राजूरच्या पुढं डोंगरात काविळीची मुळी देणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेले. तिथं नोंद नसते.

"म्हणजे रोग नव्हता. मग लोकांना सावध कशाबद्दल केलं?"

"सावध केलं म्हनून झाला न्हाई, साहेब."

"त्याला पुरावा काय?"

झालं नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? लोक आजारी पडले असते तर भाऊसाहेब सुटले असते.

मग मला बोलावलं, गल्लीतली रहिवासी म्हणून. आत जाताना साहेबांनी हळूच सांगितलं होतं, मॅडम, दोन वाक्यांत उरका. अधिकाऱ्यांनी विचारलं, "घोषणा ऐकून तुम्ही घाबरलात का?"

मी भाऊसाहेबांकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. "मी घोषणेनं घाबरले नाही साहेब. मी आधीच घाबरले होते, रिपोर्टावर शिक्का मारला त्या दिवशी. माझ्या घरी त्या दिवसापासून पाणी उकळत होतं. गल्लीला घाबरायला नऊ दिवस उशीर झाला, आणि त्यात माझा हात आहे. घाबरली म्हणून तर गल्ली वाचली."

बोलताना वाटलं, गेली नोकरी. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेजारच्या कारकुनाला मजकूर सांगितला, "लिहा. साक्षीदार स्वतः व गल्लीतील रहिवासी घाबरल्याचे मान्य करतात."

एवढंच लिहिलं. कागद माझ्यापुढं सरकवला. मी पेन हातात धरून बसले. म्हटलं, मी एवढंच नाही बोलले. अधिकारी म्हणाले, "यात खोटं काय आहे ते दाखवा." खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यात भाऊसाहेबच बोलले, "करा ताई सही. घाबरलात ते खरंच हाय की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. मी सही केली. माझ्या त्या ओळीवर त्यांची वेतनवाढ थांबली आणि बदली झाली. बाटल्यांचं काम बंद पडलं.

माझी लेक सुखरूप बाळंत झाली. वहिनींची सूनही झाली, मुलगा. बाराव्या दिवशी वहिनी पेढे घेऊन आल्या. पलंगावर टेकल्या आणि हसून म्हणाल्या, "बघा ताई, त्या गाडीवाल्या बाबानं उगंच सगळ्यांना भ्या दावलं. काय सुदीक झालं न्हाई. मी तर तवाच म्हनलं हुतं, तसलं काय असतं तर ताई हापिसात हायेत, त्यांनी आपल्याला आधी सांगितलंच असतं की."

त्यांनी पेढा पुढं केला. मी तो घेतला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको.